जांभूळनाल्याचं लेबल

देवमन खंडारेचं अक्षर एकदा पाहिलं की माणूस त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहायचा. बारावी नापास, खांद्यावर पुसायचं फडकं, खिशात चाव्यांचा जुडगा. अशा माणसाचं असं अक्षर असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसायचं. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं परिचर होता, आणि तिथल्या कपाटांतल्या हजारभर बाटल्यांमध्ये त्याचं अक्षर होतं. नखाएवढ्या कागदावर चार ओळी बसवायचा, आणि त्या भिंगाशिवाय वाचता यायच्या.

त्या चिठ्ठ्यांना तिथे लेबल म्हणत. किडा स्पिरिटमध्ये घातला की त्याच्यासोबत बाटलीत लेबल घालायचं. कुठे सापडला, कधी सापडला, कोणी पकडला. लिहायचं पेन्सिलीनं, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि पेन्सिल शंभर वर्षं टिकते. किडा मेलेला, स्वतःचं गाव सांगू शकत नाही. तेव्हा लेबल म्हणेल तेच त्याचं गाव.

विभागाच्या प्रमुख डॉ. रागिणी भुयार. त्यांचा सगळा जीव पाणभुंगेऱ्यांत. डबक्यात, नाल्यात बुड्या मारणारा हा काळपट किडा पंखांच्या झाकणाखाली हवा भरून घेतो, तळाशी जातो, हवा संपली की शेपटाकडून वर येतो. काही पाणभुंगेरे चिंचोक्याएवढे असतात, पण मॅडमना आवडायचे ते तिळाएवढे. ज्याला दुसरा माणूस कचरा म्हणून फेकेल, त्याच्यावर त्या तीन तीन महिने डोळा लावून बसायच्या. त्यांचा एक नियम होता, आणि नव्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच दिवशी ऐकवला जाई. लेबल पाण्याजवळ बसून लिहायचं. किडा हातात आल्यावर. आधी नाही आणि घरी जाऊनही नाही.

देवमन मॅडमचा शब्द खाली पडू देत नसे. फक्त हा एक नियम तो मोडायचा, तोही अक्षरापायी. नाल्याकाठी गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहायचं म्हणजे हात हलतो, वेलांट्या वाकड्या होतात. ते त्याला सहन व्हायचं नाही. म्हणून जायच्या आदल्या संध्याकाळी फ्रेजरपुऱ्यातल्या आपल्या घरी तो पाट मांडून बसायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचा आणि सगळी लेबलं लिहून, बाटल्यांत घालून मोकळा व्हायचा. उद्या जिथे जायचं ते ठरलेलंच असायचं. वीस वर्षं यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण जे लिहिलं तिथे तो जायचा.

एकदा गेला नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आश्विनातला रविवार होता. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला जांभूळनाला म्हणून एक ओढा आहे. तिथले पाणकिडे गोळा करायची वनखात्याची परवानगी मोठ्या मिनतवारीनं आली होती. मॅडमना परीक्षेचं काम निघालं आणि त्यांनी देवमनला एकट्यालाच पाठवलं. परतवाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पायी. पिशवीत जाळी होती, सहा बाटल्या होत्या, आणि सहाही बाटल्यांत सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, जांभूळनाला.

बसस्टँडवर पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. साळा बोलत होता, धर्मपाल. दर्यापूरकडच्या टाकळीला त्याचं वावर.

"भाऊजी, कुठी हा? वावरात रोडगे हायेत आज. बाई कालच येऊन बसली अटी. तुमीच काहून नाही?"

बाई म्हणजे धर्मपालची मोठी बहीण, देवमनची बायको सुंदराबाई. आता रोडगे म्हणजे काय हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, आणि जोडीला वांग्याची अशी भाजी की नाक पुसत पुसत माणूस अजून मागतो. देवमननं परतवाड्याच्या गाडीकडे पाहिलं. तिला अर्धा तास होता. दर्यापूरची गाडी समोर सुटायला आली होती, तिच्यात खिडकीची जागाही रिकामी होती. जांभूळनाला कुठे पळून जातो, पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत म्हणत तो गाडीत चढलासुद्धा.

चार रोडगे खाल्ले त्यानं. चौथा सुंदराबाईनं आग्रहानं वाढला. दुपारी निंबाखाली आडवा झाला तेव्हा पिशवीतली जाळी पाठीला टोचायला लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. उद्या मॅडम विचारतील, काय मिळालं? टाकळी म्हणजे खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, जनावरंही नाइलाजानं पितात. धर्मपालच्या विहिरीजवळ एक जुना खड्डा होता, त्यात तेच खारट पाणी साचलेलं, काठावर मिठाची पांढरी रेघ. देवमन उठला आणि उगीच, रिकाम्या हातानं जायला नको म्हणून, त्यानं खड्ड्यात जाळी फिरवली. जाळीत वीसेक तीळ वळवळत होते.

घरी जाऊन लेबलं बदलायची हे तेव्हा त्याच्या मनात होतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. पण घरी आल्यावर बाटल्या समोर ठेवून तो बसून राहिला. लेबल बदलायचं म्हणजे मॅडमना सांगावं लागणार की कामाच्या दिवशी रोडगे खायला गेलो होतो. त्यात लेबलं अशी झकास उतरली होती की फाडायला हात होईना. पाणकिड्याले काय, इथलं पानी अन् तिथलं पानी, असं स्वतःशीच म्हणत त्यानं झाकणं घट्ट लावली.

माघ महिन्यात एके दुपारी मॅडमनी हाक मारली.

"खंडारे, इकडे या. डोळा लावा इथे."

देवमननं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिळाएवढा किडा आत चांगला बोराएवढा दिसत होता. तांबूस तपकिरी पाठ, तिच्यावर सुईनं टोचल्यासारखी बारीक टिंबं, आणि दोन्ही खांद्यांवर एकेक पिवळी कोर.

"कोलकात्याहून नमुने मागवून पाहिले, जुने सगळे लेख काढून पाहिले. नराचा अवयव सोडवून चार वेळा चित्र काढलं," मॅडम म्हणाल्या. एरवी मोजकं बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी थांबेनात. "हा कोणाच्याच यादीत नाही, खंडारे. जगात कोणाच्याच नाही. आणि खरी मोठी गोष्ट पुढेच आहे. याचे जवळचे सगळे भाऊबंद खाऱ्या पाण्यातले. मिठागरात, खाडीच्या डबक्यात राहणारे. हा एकटा डोंगरातल्या गोड पाण्यात निघाला!"

देवमननं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. रोडगे आठवले, मिठाची पांढरी रेघ आठवली. आत्ता सांगितलं तर फार तर बोलणी बसतील, मॅडम दोन दिवस तोंड फिरवतील, एवढंच. त्यानं सांगायला तोंड उघडलंसुद्धा.

"आणि नाव मी ठरवलंय," मॅडम म्हणाल्या. "देवमनी. तुमचं नाव. इतकी वर्षं लोकांचे किडे जपले तुम्ही, तुमच्या नावाचा एक नको का?"

उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मॅडमना वाटलं गहिवरला माणूस. त्यांनी स्वतः उठून त्याला पाण्याचा ग्लास दिला.

लेख छापून आला. पहिल्या पानावर किड्याचं चित्र, खाली जांभूळनाला हे गाव, आणि नावाच्या खुलाशात देवमन खंडारे या प्रामाणिक, कसबी सहायकाचे आभार. प्रामाणिक हा शब्द देवमननं एकदाच वाचला. सुंदराबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव बोट ठेवून दाखवल्यावर तिनं ते चार वेळा पदरानं पुसलं. राजापेठेत जाऊन तिनं त्या पानाला काचेची चौकट करून आणली आणि समोरच्या भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या बाजूला, खिळा ठोकून लावली.

"पुस्तकात नाव आलं आपल्या घरचं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "अंग्रेजी पुस्तकात! जगभरात!"

त्या दिवसापासून देवमन भिंतीकडे पाठ करून जेवू लागला. बाबासाहेबांनी शिका म्हटलं होतं, आणि त्यांच्या शेजारी आपण काय टांगून ठेवलंय, या विचारानं त्याचा घास फिरायचा. सुंदराबाईनं एकदा विचारलंही, "तुमी काहून असे पाठ फिरवून बसता आजकाल?" डोळ्यावर उजेड येतो म्हणाला. भिंतीकडे तर खिडकीच नव्हती.

तरी एवढं सगळं एका किड्यापुरतं होतं. स्पिरिटमधल्या किड्याला लाज नसते, आणि देवमनला होती ती त्यानं गिळून पचवली असती कदाचित. पण मग मोनाली आली.

मोनाली अकोल्याची. काटक, बोलकी, पीएचडीसाठी मॅडमकडे नाव नोंदवलेली. विषय मॅडमनी हौसेनं दिला. देवमनी जगतो कसा, अंडी कुठे घालतो, अळी कशी दिसते. त्यासाठी जिवंत किडे हवेत. ते मिळणार जांभूळनाल्यात, दुसरं गाव तर जगाला ठाऊकच नव्हतं. नाला दाखवायला सोबत कोण? देवमनच. ज्या नाल्यात त्यानं त्या दिवशी पाय ठेवला नव्हता, त्याच्या काठाकाठानं त्या पोरीपुढे त्याला जाणत्यासारखं चालावं लागलं.

"काका, नेमका कुठी सापडला होता?"

"या डोहात," देवमन म्हणाला. हात कुठल्याही डोहाकडे केला असता तरी चाललं असतं.

पहिला पावसाळा गेला. मोनालीच्या जाळीत दुनियाभरचे किडे आले, पिवळ्या कोरीचा आला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ती शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि डावा हात मोडला. देवमननं आपल्या फडक्याची झोळी करून तो गळ्यात बांधला, परतवाड्यापर्यंत जीपमध्ये तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ती कण्हत होती आणि मधूनच म्हणत होती, "काका, मी काय चुकून राहिली तेच समजत नाही मले." त्या वेळी जीपचं दार उघडून उडी टाकावी असं त्याला वाटलं. उडी टाकली नाही आणि सांगितलंही नाही. सहा आठवड्यांनी हात प्लास्टरमधून निघाला आणि पोरगी पुन्हा नाल्यावर उभी राहिली.

मॅडम मनानं वाईट नव्हत्या, पण कामाच्या बाबतीत फटकळ. एके दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत त्यांचा तोल गेला.

"बारावी नापास माणसाला एका दिवसात वीस मिळाले, आणि तुला दोन वर्षांत एक मिळत नाही? तू शोधतेस तरी का, की चिखलदऱ्याची हवा खाऊन येतेस? डिसेंबरपर्यंत किडा नाही आला तर मी तुझ्या पुढच्या कागदांवर सही करणार नाही. विषय सोड नाहीतर कॉलेज सोड."

मोनाली खाली मान घालून उभी. देवमनच्या हातात धुतलेल्या काचांचा ट्रे होता. काचा आपसात वाजायला लागल्या, म्हणून त्यानं तो टेबलावर ठेवला. पोरीच्या वाट्याला जे बोल आले त्यातला प्रत्येक त्याचा होता. रागिणी भुयारच्या तोंडून त्याच्याच नावानं त्या पोरीला मार बसत होता. आणि एवढं होऊन खरं सांगायचं सोडून गड्यानं काय केलं असेल? एक खोटं झाकायला दुसरं खोटं शिवायला घेतलं.

पुढच्या सुट्टीला तो टाकळीला गेला. खड्ड्यातून मोजून अकरा किडे काढले, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत त्याच खाऱ्या पाण्यासकट भरले आणि झाकणाला दाभणानं भोकं पाडली. एसटीत बरणी मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय लोणचं का?" देवमन म्हणाला, "व्हय." आता एका लबाडीनं काय फरक पडणार होता!

दोन दिवसांनी तो मोनालीबरोबर चिखलदऱ्याला गेला. सकाळी नाल्यावर पोचल्यावर ती वरच्या अंगाला पाण्याचं तापमान घ्यायला थांबली. देवमन पुढे झाला. डोहावर कोणी नव्हतं. त्यानं पिशवीतून बरणी काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि पाण्यात पालथी केली. अकरा तीळ क्षणभर तरंगले, मग बुडी मारून नाहीसे झाले. बरणी त्यानं दगडाआड लपवली. साठीला आलेला माणूस, लहानपणी कधी कुणाची बोरं चोरली नव्हती, आणि आता बरणी लपवत होता.

मोनाली आली. डोहात जाळी फिरवली, पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी केली आणि वाकून पाहायला लागली. देवमन दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

"काका!"

त्यानं वळून पाहिलं नाही.

"काका, सापडला! कोर हाय! दोनी खांद्याइवर हाय! काका, तीन हायेत!"

ती रडत होती, हसत होती, ट्रे हातात धरून नाचायला जागा नव्हती तरी नाचत होती. मग ट्रे खाली ठेवून ती धावत आली आणि देवमनच्या पायांवर डोकं ठेवलं. मोडून जुळलेला डावा हात त्याच्या चिखलानं भरलेल्या बुटावर टेकला.

"तुमी नसते ना काका, तर मी कवाचीच सोडून गेली असती."

देवमन मेल्याहून मेल्यासारखा झाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, हे माणसं उगीच बोलतात असं त्याला आजवर वाटायचं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. त्याचा हात वर उचललाच गेला नाही.

तिनं डोळे पुसले. तीन किडे तीन बाटल्यांत घातले, दप्तरातून कोरी लेबलं काढली आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"काका, लेबल तुमीच लिवा. तुमचं अक्षर पाह्यजे याच्यात. मॅडमनं सांगितलं तसं, पान्याजवळ बसून."

देवमन दगडावर बसला. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नखाएवढा कागद. जांभूळनाला हा शब्द त्याच्या हातून शंभर वेळा उतरला असेल. जां लिहायला तो पेन्सिल टेकवायचा आणि उचलायचा. मोनाली समोर उभी होती, तिला वाटलं काकांना चष्मा हवा, तो तिनं त्याच्या खिशातून काढून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा देवमनला अक्षर सुचेना.

मग त्यानं लिहिलं. हात इतका हलत होता की ओळ कागदाबाहेर जायला लागली, वेलांट्या वाकल्या, दोनदा टोक कागदात घुसलं. लिहून झाल्यावर त्यानं कागद तिच्या हातात दिला आणि खाली पाहत बसला.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

टाकळी, ता. दर्यापूर. धर्मपालच्या वावरातला खारा खड्डा. नाल्यात मी आणून सोडला. पहिले पण तिथलेच. दे. खंडारे.

"काका, हे काय लिवलं?"

"जे खरं हाय, थे."

मग तिनं विचारायला सुरुवात केली आणि त्यानं एकेकाचं उत्तर दिलं. रोडगे, निंब, रिकामे हात, बरणी. दगडाआडची बरणीही आणून दाखवली. मोनालीचा चेहरा हळूहळू असा झाला की त्याला तिच्याकडे पाहवेना.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "हात मोडला माझा अटी. तुमीच होते ना सोबत? तुमीच झोळी बांधली. तवा काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"अन् आता नाही वाटून राहिली?"

"आता जास्त वाटून राहिली, माय. पन थे लेबल लिहवत नव्हतं मले."

ती मनगटानं नाक पुसून उठली. "किती सोडले?"

"अकरा."

"अकराच्या अकरा काढा लागतीन. या नाल्यातले नाहीत ते. अटी ठेवता नाही येत." आणि ती जाळी घेऊन पाण्यात उतरली.

दोघांनी ऊन उतरेपर्यंत डोह पिंजून काढला. नऊ मिळाले, दोन मिळाले नाहीत. ते दोन आजही देवमनच्या मनात फिरत असतात. गोड पाण्यात जगले असतील की मेले असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर ते लेबल ठेवून देवमन हात जोडून उभा राहिला. मोनाली दाराशी होती. मॅडमनी लेबल वाचलं, भिंगातून वाचलं, भिंग खाली ठेवलं. देवमन शिव्यांची वाट पाहत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळे भाऊबंद खाऱ्या पाण्यातले," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला तेव्हाच दिसलं होतं. लेबल चुकलं असेल हे माझ्या मनात यायला हवं होतं. पण मला ते गोड पाणीच आवडलं होतं ना. लेखात तेच मोठं करून लिहिलं मी." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "आणि हिला सगळ्यांदेखत बोलले."

मोनालीजवळ जाऊन त्यांनी तिची माफी मागितली. प्राध्यापक बाईंना विद्यार्थिनीची माफी मागताना देवमननं पाहिलं, आणि तीही आपल्याच पायी, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"मॅडम, एक करा," तो म्हणाला. "माहं नाव काढून टाका त्या किड्यावरून. मी त्या लायकीचा नाही."

"नाही काढता येत."

"नव्यानं लिवा ना, दुसरं काही ठेवा."

"नियमच आहे तसा, खंडारे. गाव चुकलं तर दुरुस्त करता येतं. एकदा छापलेलं नाव असं काढता येत नाही. लायक असो की नसो. तुम्ही मेलात, मी मेले, तरी तो देवमनीच राहणार." त्यांचा आवाज कोरडा होता. "लाज वाटतेय ना? वाटू द्या. मलाही वाटतेय. मी दुरुस्ती लिहायला बसते."

दुरुस्ती छापून यायला सहा महिने लागले. तोवर मोनाली टाकळीला ये-जा करू लागली होती. खाऱ्या खड्ड्यात तिला किडेच काय, अंडी आणि अळ्याही मिळाल्या, धर्मपालनं तिला खड्ड्याकाठी बसायला पाट करून दिला. तिचं काम मार्गी लागलं. देवमनशी ती वाईट वागली नाही, फक्त काका म्हणायचं तिनं सोडलं. खंडारेजी, बाटल्या कुठं हायेत, असं विचारायची. देवमन निमूटपणे बाटल्या काढून द्यायचा. त्याच उन्हाळ्यात तो निवृत्त झाला.

दुरुस्तीचं पान हातात आलं त्या दिवशी त्यानं सुंदराबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर उठून चौकटीकडे हात नेला.

"थांबा," सुंदराबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. चौथा रोडगा आपणच वाढला होता हे तिला आठवलं असेल, की आल्यागेल्याला काय काय सांगितलं ते, कोण जाणे. "काहून काढता?"

"बाबासाहेबाच्या बाजूले खोटं कसं ठेवू?"

"काढसान तर कोनाले समजन का तुमी काय केलं थे? उगाच गुपचूप होईन सारं. आजवर गुपचूपच तर केलं तुमी." ती पदर खोचून उठली. "द्या थे दुसरं पान इकडे. त्यालेई काच बसवून आनतो."

सुंदराबाईनं ते पानही राजापेठेत नेलं, काच बसवून आणली आणि पहिल्याच्या शेजारी खिळा ठोकून लावलं. मॅडमनी त्या पानावर नाल्याकाठच्या लेबलाचा फोटो छापला आहे, मूळ आकाराच्या वीसपट मोठा करून. ओळी कागदाबाहेर पळणाऱ्या, वेलांट्या वाकलेल्या, पेन्सिल घुसून पडलेली दोन भोकं. देवमन आता भिंतीकडे तोंड करून जेवतो. डोळ्यांना ते अजून टोचतं, पण पाठ फिरवून बसला तर सुंदराबाई ताट वाढत नाही.

पाहुणा आला की पहिल्या चौकटीपाशी थांबतो, किड्याच्या चित्राचं कौतुक करतो. देवमन त्याला थांबवतो आणि दुसऱ्या चौकटीकडे बोट दाखवतो.

"हे वाचा आधी."

"हे कोनाचं अक्षर, खंडारे भाऊ? तुमचं तर मोत्यासारखं हाय म्हनतात."

"माहंच हाय," देवमन सांगतो. "पान्याजवळ बसून लिहेल हाय."